ताब्याचा ताबा

अकाबाच्या आखाताच्या उत्तर टोकाला एलात हे इस्रायलचं बंदर आहे. तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं नैर्ऋत्येला काही किलोमीटर गेलं की एक चिंचोळी पट्टी लागते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये जेमतेम एक चौरस किलोमीटर जमीन. या पट्टीचं नाव ताबा. मराठी कानाला गंमत वाटेल, पण १९८२ ते १९८९ अशी सात वर्षं इजिप्त आणि इस्रायल भांडले ते शब्दशः ताब्याच्या ताब्यावरून. कागद एकाचे आणि वहिवाट दुसऱ्याची, हे बांधाच्या भांडणातलं आपल्या ओळखीचं चित्र. फरक इतकाच की इथं बांधाच्या दोन्ही बाजूंना दोन देश होते आणि मधल्या जमिनीवर एक पंचतारांकित हॉटेल उभं राहिलं होतं.

इजिप्तच्या बाजूनं हे भांडण लवादापुढे ज्यांनी चालवलं, ते नबील अल-अरबी. परराष्ट्रमंत्री, राजदूत, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश, अरब लीगचे सरचिटणीस, अशी त्यांच्या पदांची यादी लांबलचक आहे. २६ ऑगस्ट २०२४ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी ते गेले तेव्हा श्रद्धांजलीच्या बातम्यांत ही यादीच पुन्हा पुन्हा छापून आली. यादीतून माणूस कळत नाही. अल-अरबी हे आयुष्यभर मसुदा वाचणारे गृहस्थ होते. कलमातला शब्द, जोडपत्रातला परिच्छेद, पत्रावरची तारीख, यांत त्यांचा जीव. त्यापायी त्यांची एकदा चांगलीच हेटाळणी झाली, आणि ती खुद्द राष्ट्राध्यक्षांकडून.

कैरोत १५ मार्च १९३५ चा जन्म. १९५५ साली कैरो विद्यापीठातून कायद्याची पदवी, मग परराष्ट्र खातं. पुढे नोकरीत असतानाच न्यूयॉर्क विद्यापीठातून कायद्यातच पदव्युत्तर पदवी आणि १९७१ मध्ये डॉक्टरेट. मधल्या काळात १९६७ चं युद्ध होऊन गेलं होतं. इजिप्तचा सिनाई द्वीपकल्प इस्रायलनं घेतला होता, आणि २२ नोव्हेंबर १९६७ रोजी सुरक्षा परिषदेनं २४२ क्रमांकाचा ठराव केला होता. त्या ठरावातला एक शब्द, खरं तर शब्दही नव्हे, अडीच-तीन अक्षरांचं इंग्रजी उपपद, अरब मुत्सद्द्यांच्या एका पिढीला पुरून उरलं. इस्रायलनं ‘व्यापलेल्या प्रदेशांतून’ माघार घ्यावी असं इंग्रजी पाठ म्हणतो. प्रदेशांच्या आधी ‘द’ नाही. म्हणजे सगळे प्रदेश, की त्यांतले काही? फ्रेंच पाठात उपपद आहे, तिथं अर्थ ‘त्या प्रदेशांतून’ असा लागतो. मराठीत उपपद नसतंच, त्यामुळे आपल्याला हा वाद आधी चमत्कारिक वाटतो. पण कायद्याची भाषा ज्या भाषेत ठरली तिथं एका ‘द’च्या गैरहजेरीवर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली. अल-अरबी त्या शाळेत घडले. मोघम शब्द नेहमी बलवानाच्या फायद्याचा, हे या शाळेतलं पहिलं गणित.

१९७६ मध्ये ते परराष्ट्र खात्याच्या कायदा आणि करार विभागाचे संचालक झाले. त्या नात्यानं सप्टेंबर १९७८ मध्ये इस्रायलशी बोलणी करायला अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला गेलेल्या शिष्टमंडळात त्यांची जागा होती. ५ ते १७ सप्टेंबर, तेरा दिवस. डोंगरातलं बंदिस्त आवार, पत्रकारांना मज्जाव, तीन नेते, म्हणजे इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात, इस्रायलचे पंतप्रधान बेगिन आणि अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर, आणि त्यांचे सल्लागार. वाटाघाटींतून दोन कागद निघाले. एक इजिप्त-इस्रायल तहाचा आराखडा, तो बऱ्यापैकी नेमका. दुसरा पश्चिम किनारा आणि गाझा यांच्या भवितव्याचा, तो ढिला. पहिला अमलात यायला दुसऱ्याची अट नव्हती, आणि दुखणं नेमकं तिथं होतं. इजिप्तला सिनाई मिळणार हे पक्कं, पॅलेस्टिनींना काय मिळणार ते पुढच्या चर्चेवर. जेरुसलेमबाबत तर मूळ करारात चकार शब्द नव्हता. तिन्ही पक्षांनी आपापली भूमिका सांगणारी पत्रं एकमेकांना दिली, झालं.

शेवटच्या दिवसांत अल-अरबी हे कच्चे दुवे घेऊन सादातांकडे गेले. सादातांनी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं, आणि मग तुमचं बोलणं एका कानानं ऐकलं नि दुसऱ्यानं सोडून दिलं, अशा अर्थाचं उत्तर दिलं. परराष्ट्र खात्यातल्या लोकांना राजकारण कळत नाही, ते तपशिलात बुडालेले असतात, असाही शेरा मारला. हा प्रसंग अल-अरबी यांनी स्वतःच पुढे आठवणींत सांगितला आहे, आणि सांगताना सादातांवर फारसा राग काढलेला नाही. परराष्ट्रमंत्री मोहम्मद इब्राहिम कामेल यांनी मात्र तिथल्या तिथं राजीनामा दिला. त्यांच्या आधीचे मंत्री इस्माईल फहमी यांनी वर्षभरापूर्वीच, सादातांच्या जेरुसलेम भेटीच्या वेळी, पद सोडलं होतं. वर्षभरात दोन परराष्ट्रमंत्री गेले. अल-अरबी राहिले. ते मंत्री नव्हते, नोकरशहा होते, हे त्याचं एक कारण. दुसरं असं की करार कच्चा असला तरी तो अमलात आणताना कुणीतरी वाचणारा लागणारच होता.

कच्चा मसुदा काय करतो, याचं उदाहरण शाई वाळायच्या आत मिळालं. पश्चिम किनाऱ्यावरच्या नव्या वसाहती किती काळ थांबवायच्या? कार्टर यांची समजूत अशी की स्वायत्ततेची बोलणी चालू आहेत तोवर. बेगिन यांचं पत्र आलं त्यात होतं तीन महिने. रात्रीच्या तोंडी बोलण्यात कोण काय म्हणालं यावर पुढे आयुष्यभर दोघांचं एकमत झालं नाही. कागदावर जे होतं ते राहिलं, बाकीचं हवेत गेलं.

पण त्या मोडक्या पायावर जो तह झाला, २६ मार्च १९७९ चा, त्यात दोन कलमं अशी होती की ज्यांच्या बळावर ताबा परत मिळाला. दुसऱ्या कलमात म्हटलं होतं की दोन देशांमधली कायमची सीमा म्हणजे ‘इजिप्त आणि पूर्वीचा पॅलेस्टाईनचा मँडेट प्रदेश यांमधली मान्य आंतरराष्ट्रीय सीमा’. मँडेट म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघानं ब्रिटनकडे सोपवलेला पॅलेस्टाईनचा कारभार. सातव्यात होतं की तहाच्या अर्थाबद्दल वाद झाला तर आधी वाटाघाटी, आणि त्या फसल्या तर समेट किंवा लवाद. ही दोन वाक्यं ध्यानात ठेवायची. पुढचा सगळा खटला त्यांच्यावर चालला.

अल-अरबी १९७८ ते १९८१ न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत इजिप्तचे उपस्थायी प्रतिनिधी होते. त्यानंतर १९८१ ते १९८३ ते दिल्लीत राजदूत. दिल्लीत त्यांच्यामागून आले इजिप्तचेच मुत्सद्दी अम्र मूसा. या दोघांची वाट पुढेही अशीच एकमेकांना ओलांडत राहिली. न्यूयॉर्कमध्ये मूसा यांच्या खुर्चीत अल-अरबी बसले, आणि वीस वर्षांनी अरब लीगमध्येही. मूसा सभेचे, टाळ्यांचे, अल-अरबी फायलीचे. दिल्लीहून परतल्यावर अल-अरबी पुन्हा परराष्ट्र खात्याचे कायदेशीर सल्लागार झाले, आणि टेबलावर ताब्याची फाईल आली.

प्रकरण समजायला १९०६ मध्ये जावं लागतं. इजिप्त तेव्हा नावाला उस्मानी साम्राज्यात, प्रत्यक्षात इंग्रजांच्या मुठीत. जानेवारीत तुर्की सैन्यानं ताब्यात ठाणं मांडलं. मे महिन्यात इंग्रजांनी निर्वाणीचा खलिता धाडला, तुर्क मागे हटले, आणि १ ऑक्टोबर १९०६ रोजी रफा इथं करार झाला. भूमध्य समुद्रापासून अकाबाच्या आखातापर्यंत, सुमारे दोनशे किलोमीटरची रेषा. गंमत म्हणजे त्या करारात ‘आंतरराष्ट्रीय सीमा’ हा शब्दच नाही. एकाच सुलतानाच्या राज्यात आंतरराष्ट्रीय सीमा कशी असेल? म्हणून ‘प्रशासकीय विभाजन रेषा’. मोजणीदारांनी आधी ताराखात्याचे खांब जागोजाग रोवून रेषा दाखवली, आणि नंतर त्यांच्या जागी दगडी बांधकामाचे खांब उभे केले. करारात अट होती की एका खांबाजवळून पुढचा खांब दिसला पाहिजे. मोजणी समजणाऱ्या कुणालाही यामागचं कारण सांगायला नको. दोन खांब एकमेकांना दिसले की मधली रेषा भांडणाविना ओढता येते.

खांबांचे क्रमांक १ ते ९१. पहिला उत्तरेला समुद्राजवळ, शेवटचा ताब्याच्या कड्यावर. सिनाईत त्या वेळी पार्कर नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याच्या देखरेखीत १९०६ च्या अखेरीस कड्यावर खांब बांधला गेला, त्याचे फोटोही निघाले. पुढे कागदपत्रांत तो ‘पार्करचा खांब’ या नावानंच ओळखला गेला.

तो खांब तिथं साठेक वर्षं उभा होता. मँडेटचा काळ गेला, १९४८ चं युद्ध झालं, १९५६ नंतर तिथं संयुक्त राष्ट्रांचं दल येऊन राहिलं. १९६७ मध्ये सिनाई इस्रायलनं घेतला आणि काही वर्षांतच एलातहून दक्षिणेला शर्म अल-शेखकडे जाणारा रस्ता बांधला गेला. रस्त्यासाठी कडा फोडला, आणि पार्करचा खांब जिथं होता ती जागाच उरली नाही. बांध कोरणं आपण ऐकून असतो. इथं बांधाखालची टेकडीच गेली. एप्रिल १९८२ मध्ये सिनाईतली इस्रायलची शेवटची माघार आली आणि जुने खांब शोधायची वेळ आली, तेव्हा एकंदर १४ खांबांच्या जागांवर एकमत होईना. बहुतेक ठिकाणी फरक वाळवंटातल्या थोड्याफार अंतराचा. ९१ क्रमांकाचा फरक मात्र सगळ्या ताब्याचा. दरम्यान त्या पट्टीवर इस्रायली मालकानं सोनेस्टा हे मोठं हॉटेल बांधलं होतं, आणि ते १९८२ मध्येच सुरू झालं. वाद चालू असताना बांधकाम उभं करणं ही युक्ती जगात कुठंही नवी नाही.

२५ एप्रिल १९८२ रोजी सिनाईतली बाकीची माघार पुरी झाली, ताबा तेवढा अडकला. मग चार वर्षं भांडण मूळ मुद्द्यावर नव्हे, तर भांडण कसं मिटवायचं यावर चाललं. इस्रायलला समेट हवा होता, कारण समेटात मध्यस्थ सुचवतो आणि मधला मार्ग निघतो, जागा अर्धी-अर्धी होऊ शकते. इजिप्तला लवाद हवा होता, कारण लवाद निवाडा देतो. अल-अरबी यांचं काम इथं सुरू होतं. जानेवारी १९८६ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान पेरेस यांच्या मंत्रिमंडळानं अखेर लवाद मान्य केला. लवादापुढे ठेवायचा करारनामा ११ सप्टेंबर १९८६ रोजी गिझाच्या मेना हाउस हॉटेलात सही झाला. समेटाची सोय म्हणून तीन सदस्यांचं एक उपपीठ ठेवलं गेलं, त्यातून काही निघालं नाही.

करारनाम्यात कोणता प्रश्न विचारायचा, हे लवादातलं सगळ्यात महत्त्वाचं काम. लोकांना वाटतं खटला जिनीव्हाच्या दालनात जिंकला गेला. माझ्या मते तो प्रश्नाच्या मसुद्यातच अर्धाअधिक जिंकला होता. प्रश्न दोन तऱ्हांनी विचारता आला असता. एक, १९०६ च्या कराराप्रमाणे ९१ क्रमांकाचा खांब कुठं असायला हवा होता? दोन, मँडेटच्या काळात मान्य असलेल्या सीमेवर तो खांब कुठं होता? पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर शब्दांत शिरावं लागतं. रेषा ‘रास ताबाच्या टोकापासून’ निघते म्हणजे नक्की कुठून? खांब एकमेकांना दिसायला हवेत, मग पार्करच्या खांबापासून ९० नंबर दिसतो का? नाही दिसत. म्हणजे तो चुकीच्या जागी होता. इस्रायलचं म्हणणं हेच. दुसऱ्या प्रश्नात ही सगळी वाट बंद. खांब चुकीच्या जागी बांधला होता की बरोबर, याच्याशी कर्तव्यच नाही. तो तिथं होता का, आणि दोन्ही बाजू त्याला सीमा मानून वागत होत्या का, एवढंच. करारनाम्यात शब्द आले ते तहाच्या दुसऱ्या कलमातले: मँडेट प्रदेश आणि इजिप्त यांमधल्या मान्य आंतरराष्ट्रीय सीमेवरचे खांब.

दुसरी अट तितकीच चाणाक्ष. प्रत्येक खांबाबाबत दोन्ही देशांनी आपापली जागा जमिनीवर खूण करून दाखवायची, आणि लवादानं त्यांतलीच एक निवडायची. तिसरी, मधली जागा सांगायचा अधिकार लवादाला नाही. समेटाची भीती इजिप्तनं अशी कायमची घालवली. या अटीत धोकाही होता. आपली खूण दहा पावलं लांब गेली तर सगळंच जाईल. ९१ साठी इजिप्तनं पार्करच्या खांबाची एकच जागा दाखवली. इस्रायलनं दोन दाखवल्या, एक ग्रॅनाइटच्या उंचवट्यावर आणि एक बीर ताबा म्हणजे ताब्याच्या विहिरीजवळ. एकाच हद्दीच्या दोन खुणा दाखवणाऱ्यावर कोणता पंच विश्वास ठेवेल? हे माझं मत झालं, लवादानं कारणं वेगळी दिली.

पीठ पाच जणांचं. अध्यक्ष स्वीडनचे गुन्नार लागेरग्रेन, फ्रान्सचे पिएर बेले, स्वित्झर्लंडचे डीट्रिच शिंडलर, इस्रायलतर्फे रूथ लापिडोथ, इजिप्ततर्फे हामेद सुलतान. अल-अरबी इजिप्तचे ‘एजंट’, म्हणजे सरकारच्या वतीनं बोलणारे अधिकृत मुखत्यार. युक्तिवादासाठी इजिप्तकडे केंब्रिजचे डेरेक बोवेट, इस्रायलकडे इलायहू लाउटरपाख्ट. आंतरराष्ट्रीय कायद्याची दुनिया इतकी लहान की समोरासमोर उभे राहणारे बहुतेक एकमेकांना ओळखत होते.

कैरोत १९८५ सालीच ताब्यासाठी राष्ट्रीय समिती नेमली होती, परराष्ट्रमंत्री इस्मत अब्देल मगीद यांच्या अध्यक्षतेखाली. तिची रचना बघण्यासारखी आहे. नुसते वकील नव्हते. इतिहासकार युनान लबीब रिझ्क, भूगोलाचे प्राध्यापक युसुफ अबू अल-हज्जाज, कायद्याचे वाहिद राफत आणि मुफीद शेहाब, शिवाय लष्करी मोजणीतले अधिकारी. लंडन, इस्तंबूल, खार्टूम इथल्या दप्तरांत माणसं पाठवली गेली. १९०६ ची तारायंत्रं, मोजणीचे अहवाल, जुने नकाशे, फोटो. नकाशा हा चांगला साक्षीदार नसतो, हे समितीला ठाऊक होतं. लहान प्रमाणाच्या नकाशावर पेन्सिलीच्या रेघेची जाडीच शे-दोनशे मीटर जमीन खाते, आणि छापणाऱ्यानं आधीच्या नकाशावरून नक्कल केली असेल तर चूक पिढ्यानपिढ्या चालते. म्हणून फोटो आणि माणसं. खांब डोळ्यांनी पाहिलेले साक्षीदार म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या दलात तिथं राहून गेलेले युगोस्लाव अधिकारी उभे केले गेले. टेकडी फोडता येते, पण तीस वर्षांपूर्वी तिथं पहारा दिलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोरचा खांब काढून टाकता येत नाही.

काम कसं चालतं ते बघा. मे १९८७ मध्ये दोन्ही पक्षांची निवेदनं एकाच वेळी दाखल, ऑक्टोबरमध्ये त्यांना उत्तरं, फेब्रुवारी १९८८ मध्ये प्रत्युत्तरं. एकाच वेळी दाखल करायची पद्धत मुद्दाम, म्हणजे दुसऱ्याचं वाचून आपलं म्हणणं बदलता येत नाही. मग पीठाची प्रत्यक्ष जागेला भेट, मग वसंतात तोंडी सुनावणी. १९८७ पासून अल-अरबी यांची नेमणूक जिनीव्हालाच स्थायी प्रतिनिधी म्हणून झाली होती. लवादही तिथंच बसत होता. ही नेमणूक योगायोगानं झाली असं मानणं कठीण आहे.

२९ सप्टेंबर १९८८ रोजी निवाडा आला. चार विरुद्ध एक. ९१ क्रमांकाचा खांब इजिप्तनं दाखवला तिथंच. १४ पैकी १० जागा इजिप्तच्या बाजूनं, ४ इस्रायलच्या. लापिडोथ यांनी विरोधी मत नोंदवलं, तेही वाचण्यासारखं आहे. खांब एकमेकांना दिसण्याची अट त्यांनी गंभीरपणे घेतली आहे. बहुमताची भूमिका अशी की दोन्ही बाजूंनी मिळून एकदा हद्द जमिनीवर आखली आणि अर्धशतक तिला कुणी हरकत घेतली नाही, तर ती आखणी हाच कराराचा खरा अर्थ. मग कागदाशी ती थोडी जुळत नसली तरी. मोजणीच्या दगडाला सगळा गाव पिढ्यानपिढ्या मानत आला असेल तर तो उकरून जुना टिपणनकाशा नाचवायचा नाही, असं आपण म्हणू.

तरीही काम अपुरं होतं. खांब कड्यावर, समुद्र खाली. खांबापासून पाण्यापर्यंत रेषा कशी जाणार हे लवादाला विचारलंच नव्हतं, त्यामुळे त्यांनी सांगितलंही नाही. प्रश्न इतका काटेकोर आखला की शेवटचा तुकडा बाहेर राहिला. काटेकोरपणाची ही किंमत. मग अमेरिकी परराष्ट्र खात्याचे कायदेशीर सल्लागार अब्राहम सोफर मध्यस्थीला आले, पाच महिने गेले, आणि २६ फेब्रुवारी १९८९ रोजी हॉटेल, किनारा, इस्रायली पर्यटकांची ये-जा आणि ती शेवटची रेषा, सगळ्याचा मिळून समझोता झाला. हॉटेलच्या मालकाला इजिप्तनं पावणेचार कोटी डॉलरच्या आसपास मोजले. जमीन आपली म्हणून सिद्ध केल्यावर तिच्यावरच्या इमारतीचे पैसे भरायचे, हे कैरोत काहींना झोंबलं. पण फुकट मागितलं असतं तर आणखी काही वर्षं गेली असती. १५ मार्च १९८९ रोजी इस्रायलनं ताबा सोडला. अल-अरबी यांना त्या दिवशी चौपन्न पूर्ण झाली. चार दिवसांनी, १९ मार्चला, राष्ट्राध्यक्ष मुबारक यांनी तिथं झेंडा लावला. फोटो मुबारकांचेच आहेत.

पुढची वीस-पंचवीस वर्षं भराभर सांगितली तरी चालेल. १९९१ ते १९९९ न्यूयॉर्कमध्ये स्थायी प्रतिनिधी. १९९६-९७ मध्ये इजिप्त सुरक्षा परिषदेत होता, त्यामुळे १९ नोव्हेंबर १९९६ रोजी संयुक्त राष्ट्रांचे इजिप्शियन सरचिटणीस बुत्रोस बुत्रोस-घाली यांच्या दुसऱ्या मुदतीवर मतदान झालं तेव्हा इजिप्तच्या खुर्चीत अल-अरबी होते. चौदा मतं बाजूनं, एक विरोधात, आणि ते एक अमेरिकेचं. चौदाला एक नकाराधिकार पुरतो.

२००१ मध्ये ते हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयावर निवडून गेले, आणि २००३ च्या डिसेंबरात इस्रायलनं पश्चिम किनाऱ्यावर बांधलेल्या भिंतीचा प्रश्न न्यायालयापुढे आला. इस्रायलनं मागणी केली की अल-अरबी यांनी बाजूला व्हावं, कारण कॅम्प डेव्हिडपासून ते या वादात इजिप्तचे प्रतिनिधी होते आणि २००१ मध्ये एका मुलाखतीतही बोलले होते. न्यायालयाच्या घटनेत अशी अट आहे खरी, न्यायाधीश आधी त्याच प्रकरणात वकील किंवा मुखत्यार असेल तर त्यानं बसू नये. शब्द महत्त्वाचा: त्याच प्रकरणात. न्यायालयानं ३० जानेवारी २००४ रोजी तेरा विरुद्ध एक मतांनी मागणी फेटाळली. पूर्वीचं काम मुत्सद्दी म्हणून होतं, भिंतीचा प्रश्न निघण्याच्या कितीतरी आधीचं होतं, आणि मुलाखतीत त्या प्रश्नावर मत नव्हतं. विरोधी मत अमेरिकी न्यायाधीश थॉमस ब्युर्गेनथाल यांचं. त्यांची शंका पोकळ नव्हती असं मला वाटतं. नियमाच्या अक्षरात अल-अरबी बसत होते, पण समोरच्या पक्षाला विश्वास वाटायला अक्षर पुरत नाही. ९ जुलै २००४ रोजी भिंत बेकायदा असल्याचं मत चौदा विरुद्ध एकनं आलं. अल-अरबी यांनी जोडलेल्या स्वतंत्र मतात पुन्हा मँडेट आहे. पॅलेस्टाईन हा मँडेट प्रदेश होता, त्याची विल्हेवाट अपुरी राहिली, म्हणून संयुक्त राष्ट्रांची जबाबदारी संपलेली नाही. ताब्याचा खांब ज्या शब्दानं सापडला, त्याच शब्दापासून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. फरक एवढाच की हे सल्ल्याचं मत होतं. ताब्याच्या निवाड्यासारखा दोन्ही पक्षांनी आधीच मान्य केलेला करारनामा त्यामागे नव्हता, आणि भिंत उभीच राहिली.

२०११ च्या मार्चमध्ये, मुबारक गेल्यावर, एसाम शराफ यांच्या सरकारात ते परराष्ट्रमंत्री झाले. मंत्रिपद चार महिनेही टिकलं नाही, पण त्या काळात फतह आणि हमास या पॅलेस्टिनी गटांत कैरोत समझोता झाला, २८ मे रोजी रफाचा नाका गाझाच्या लोकांसाठी खुला झाला, आणि इराणशी बोलायला हरकत नसल्याचं उघड म्हटलं गेलं. याच काळात अरब देशांची संघटना असलेल्या अरब लीगच्या सरचिटणीसपदासाठी इजिप्तनं ऐनवेळी आपला उमेदवार बदलून त्यांचं नाव पुढे केलं, कतारनं आपला मागे घेतला, १५ मे रोजी एकमतानं निवड. मंत्रिपदावर राहिले असते तर बरं झालं असतं, असं तेव्हाही अनेकांना वाटलं.

कारण लीगची घटना. १९४५ च्या त्या सनदेत सातवं कलम आहे: एकमतानं झालेला निर्णय सगळ्यांना बांधील, बहुमतानं झालेला ज्यांनी मान्य केला त्यांनाच. असा कागद हातात घेऊन सीरियाच्या यादवीत उतरायचं होतं. सप्टेंबर २०११ मध्ये दमास्कसला जाऊन सीरियाचे अध्यक्ष असद यांची भेट, नोव्हेंबरमध्ये सीरियाचं सदस्यत्व स्थगित, डिसेंबरमध्ये सुदानी जनरल मोहम्मद अल-दाबी यांच्या हाताखाली निरीक्षक रवाना, जानेवारीत काम थांबवलं. निरीक्षकांनी नेमकं काय तपासायचं आणि कुणी अडवलं तर काय, हे मसुद्यात पक्कं नव्हतं. ३१ जानेवारी २०१२ रोजी ते सुरक्षा परिषदेपुढे गेले, ४ फेब्रुवारीला रशिया आणि चीननं नकाराधिकार वापरला. २०१६ मध्ये त्यांनी दुसरी मुदत मागितली नाही.

ताब्याचं ते हॉटेल पुढे हिल्टन झालं. जानेवारी २००१ मध्ये इस्रायली आणि पॅलेस्टिनी शिष्टमंडळं तिथंच आठवडाभर बसली होती. अखेरीस संयुक्त निवेदन निघालं की आम्ही कराराच्या इतके जवळ यापूर्वी कधीच आलो नव्हतो. सही करायला कागद मात्र तयार नव्हता, आणि दहा दिवसांत इस्रायलमधलं सरकार निवडणूक हरलं.